बोटभर तेल

नोव्हेंबरात डलूथच्या उतारावर
मिठाचा ट्रक पहिल्यांदा फिरला
आणि आर्वो लाहती कुंपणावरून म्हणाला,
"आता बास. आता तिला झोपव."

तो गाडीला ती म्हणतो, फार लाडाने.
मराठीत गाडी मुळातच ती,
त्यात माझं काही कौतुक नाही.

आधी आंघोळ.
भांड्यांचा साबण चालत नाही, आर्वो शिव्या देतो.
माझा जुना टूथब्रश आऱ्यांच्या बुंध्याशी फिरतो,
छत्तीस आरे पुढे, छत्तीस मागे.
बाराव्यापाशी बोटं बधिर होतात
आणि तिथून त्यांचा माझा छत्तीसचा आकडा.
साखळी रॉकेलने पुसते. तिचं काजळ
सोमवारी लॅबमध्ये हातमोज्यातूनही मला दिसत राहतं.

इंजिन गरम असतानाच जुनं तेल काढायचं.
काकवीसारखं उतरलं, सावकाश,
वर्षभराचे सगळे घाट घेऊन.
(घाट कसले, तळ्याकाठचा सरळ रस्ता.
पण मी सेहेचाळिसाव्या वर्षी शिकले,
मला वळण म्हणजे घाटच.)

मग टाकी काठोकाठ.
"रिकामी जागा ठेवलीस तर हवा शिरते,
हवा शिरली की गंज," आर्वो म्हणाला,
आणि मी हसले, त्याला कळेना का.
मिरजेला आई बरणीवर वाकून
अगदी याच वैतागाने म्हणते,
वर बोटभर तेल राहू दे गं, नाहीतर बुरशी.
मिठाचं मात्र दोघांचं जमणार नाही.
तिचं मीठ कैरी टिकवतं,
इथलं मीठ लोखंड खातं.

बॅटरी काढताना आधी वजा, मग अधिक.
कडेवर घेऊन घरात आणली,
फडताळात ठेवली लिंबाच्या लोणच्याशेजारी.
दोघांतही आम्ल. बघून घेतील आपापसात.
सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी कोंबली,
उंदरांना ती भाड्याची खोली वाटते.
चाकांखाली फळ्या.
प्लास्टिकखाली गाडीला घाम येतो,
म्हणून वरून सोलापुरी चादर,
लग्नात आलेल्या सातांपैकी एक,
शेवटी एकदाची कामाला आली.

डिसेंबरात आई न्हाणीघरात घसरली.
खुब्याचं हाड.
मी गॅरेजचा नंबर आर्वोला दिला आणि निघाले.

सात आठवडे.
आई आता वॉकरने ओट्यापर्यंत जाते.
निघायच्या आदल्या दिवशी पलंगावर बसून
तिने बरणी भरून घेतली, तेल मी ओतलं,
आणखी, आणखी, ती म्हणत राहिली.

परत आले तेव्हा शून्याखाली अठ्ठावीस.
गॅरेजचं दार दोनदा अडकलं.
चादर उचलली तर
पुढच्या टायरवर खडूच्या रेघा,
मागच्यावरही.
दर आठवड्याला पाव फेरा,
एकाच जागी भार पडून रबर बसू नये म्हणून.
मोजल्या. सात.
भिंतीशी घडीची खुर्ची, उघडलेली.
पायापाशी कप,
तळाला कॉफीचा गोठलेला कडा.

अकराशे डॉलरला दिली होती त्याने,
गुडघा वळेना म्हणून.
कागदावर सही करताना म्हणाला होता,
बरं झालं, जागा मोकळी झाली.

संध्याकाळी बरणी घेऊन गेले.
त्याने झाकण काढलं, वास घेतला नाही,
दिव्याखाली धरून आधी पातळी पाहिली.
"काठोकाठ," तो म्हणाला. "बरोबर."
मग बरीच चौकशी, आईच्या खुब्याची,
कोणता स्क्रू, किती लांबीचा.
गाडीचा विषय त्यानेही काढला नाही.

एप्रिलला अजून वेळ आहे.
कप धुऊन जागेवर ठेवला.
खडू घरंगळून फळीखाली गेला होता,
तो काढून खिडकीच्या कडेवर ठेवला,
खुर्चीतून न उठता
हाताला येईल असा.